चावोबाच्या अंगावर काय लिहिलं होतं

फार पूर्वी, पाणी अजून माणसांचं ऐकत नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर तळं, आणि तळ्यापासून घराघरांत आलेले मातीचे नळ. पण पाणी उतारावरून असं सुसाट यायचं की नळ फटाफट फुटायचे. एकदा तर म्हणे एका आजोबांची पगडी उडाली, ती थेट शेजारच्या गावात बोहल्यावरच्या नवरदेवाच्या डोक्यावर जाऊन बसली. बरोबर बसली, म्हणून कोणी परतही मागितली नाही.

त्या गावात एक तांबट होता. त्याने पितळेची एक चावी घडवली आणि तळ्याखालच्या पहिल्याच नळात बसवली. चावीच्या पोटात पितळी तारेचं वेटोळं होतं. पाणी जोरात आलं की वेटोळं दबायचं आणि वाट अरुंद व्हायची. जोर ओसरला की वाट पुन्हा मोकळी. अवखळ पोराला आईने हाताला धरून आणावं, तसं पाणी गावात येऊ लागलं. नळ फुटायचे थांबले.

तांबटाने गावाला सांगितलं, "हिला फार काही लागत नाही. दर अमावास्येला उघडा, आतली जाळी धुवा, बाजूच्या बारीक भोकात थेंबभर तेल सोडा. बस्स."

तांबट गेला, त्याचा मुलगा गेला. मग कोणीतरी म्हणालं, "एवढं पाणी देणारी वस्तू, तिला उघडायचं म्हणजे कसंसंच वाटतं हो!" सगळ्यांना पटलं. उघडणं गेलं, तेल तेवढं राहिलं. थेंबाची वाटी झाली, वाटीचा तांब्या झाला. तेलामागून शेंदूर आला. थरावर थर चढले, मग चांदीचे डोळे बसले, वर छप्पर आलं आणि चावीचा चावोबा झाला! शेवटी पंचांनी ठराव केला : जो चावोबाला बोट लावील, त्याचं घर गावाबाहेर.

आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत तेलाची एकही अमावास्या चुकली नाही.

एका वर्षी तळं काठोकाठ भरलं. सकाळी पुजारीबुवा न्हाणीत पाटावर बसून अंगावर पहिला तांब्या घेणार, इतक्यात खालचा नळ फुटला आणि बुवा पाटासकट कौलांतून वर! गाव धावत आलं, तर बुवा चिंचेच्या शेंड्यावर.

"अरे बघत काय उभे राहिलात? पंचा द्या कोणीतरी!"

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या गोठ्यातला नळ फुटला. म्हैस छपरावर गेली आणि तिथेच रवंथ करत बसली. तिसऱ्या दिवशी तिसरं घर. कुंभाराने एक नळ जोडावा, की त्याच्या पुढचा फुटावा.

"देव कोपला!" पाटील म्हणाले. "शेंदूर वाढवा!"

चौथं घर होतं तांबटाच्या नातसुनेचं. गाव तिला तांबटकाकू म्हणायचं. तिची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ नऊ दिवसांचं, लेक तापाने फणफणलेली, आणि सुईणीने बजावलेलं, "हिला जागची हलवू नका." नळ जात होता नेमका तिच्या बाजेखालून. काकूने जमिनीला हात लावला. जमीन थरथरत होती.

काकू उठली. फडताळातून आजेसासऱ्यांचा पाना काढला, मोगरी घेतली आणि डोंगर चढली. आधी तिने तळ्याच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं, मग चावोबासमोर पदर खोचून उभी राहिली.

तोवर गाव जमलं. चिंचेवरून उतरलेले पुजारीबुवा हात पसरून आडवे आले. "काकू, हा देव आहे!"

"देवच आहे, बुवा. पण त्याचं पोट बिघडलंय."

"हात लावलास तर घर गावाबाहेर!" पाटील गरजले.

"काढा ना, पाटील. पण आज ते घर उडालं, तर बाहेर काय काढाल?"

आणि काकूने मोगरी हाणली.

बायका किंचाळल्या. एकाने डोळे झाकले. ठण्ण आवाज झाला, शेंदराला वरून खालपर्यंत तडा गेला आणि हंड्याएवढं कवच, चांदीच्या डोळ्यांसकट, धाडकन जमिनीवर आलं.

आत पितळ होतं. त्यावर गावाकडे तोंड केलेला एक बाण होता. आणि बाणाखाली अक्षरं कोरलेली.

"वाचा, बुवा," काकू म्हणाली.

बुवा वाकले आणि बोट ठेवून वाचू लागले.

"दर... दर अमावास्येला मला उघडा. माझी जाळी धुवा. भोकात थेंबभर तेल." ते थांबले.

"पुढे?" पाटील ओरडले.

"अंगाला काही फासू नका."

इतकी वर्षं ज्याची आज्ञा पाळायची म्हणून जीव टाकला, त्याची आज्ञा आपणच बुजवली होती!

काकूने चावी उघडली. भोकातून पाझरलेला शेंदूर वेटोळ्याभोवती गुळाच्या ढेपेसारखा घट्ट बसला होता. वेटोळं इंचभरही हलत नव्हतं. जाळीत चिखल, शेवाळ आणि एक बेडूक, तोही वैतागलेला. तिने सगळं खरवडलं, धुतलं, तेलाचा थेंब सोडला, बाण गावाकडे ठेवून चावी कसली आणि बूच काढलं. वेटोळं दबलं. पाणी शहाण्यासारखं खाली उतरलं. बाजेखालची जमीन शांतच राहिली. बाळ जांभई देऊन झोपलं. काकूचं घर कोणी गावाबाहेर काढलं नाही. ठरावाचं नावही कोणी घेतलं नाही.

पुढच्या अमावास्येला अख्खं गाव डोंगरावर जमलं. पाटलांनी डोळे मिटले, हात जोडले आणि ती कोरलेली अक्षरं आरतीच्या चालीत म्हणायला सुरुवात केली. मागून टाळही वाजू लागले.

काकूने त्यांच्या जोडलेल्या हातांत पाना खुपसला. "छान म्हणता, पाटील. आता उघडा."

तात्पर्य काढायचंच तर एवढं : जे आपल्याला सांभाळतं, त्याला नुसतं पुजू नये, वेळच्या वेळी उघडून साफ करावं.