परत पुरलेली पत्री

एका डोंगराच्या पायथ्याशी एक माळ होता. पूर्वी कधीतरी तिथे सोनं सापडलं होतं, म्हणून लोक त्याला सोनमाळ म्हणत. आजोबांनी तो कुदळीने उकरला, बापांनी माती चाळणीने चाळली आणि आता नातवंडं धातू हुडकणारं यंत्र घेऊन त्यावर फिरत होती. लांब दांडी, खाली गोल तबकडी. जमिनीत धातू असला की यंत्र कानात ओरडायचं. मग ते सोनं असो की गंजका खिळा, यंत्राला त्याचं काय!

तिथल्याच एका माणसाने बायकोच्या मंगळसूत्रातल्या दोन्ही वाट्या मोडून असं यंत्र घेतलं होतं. "पोरीच्या लग्नाआधी तुझ्या वाट्या परत घडवीन," असा शब्द त्याने दिला होता. तेव्हापासून ती माउली नुसते काळे मणी घालून, पदर गळ्याशी ओढून चारचौघांत वावरत होती. लग्न आता पंधरा दिवसांवर आलं होतं.

सोनमाळाचा एक जुना रिवाज होता. खणलेला खड्डा बुजवायचा आणि त्यातून निघालेलं लोखंड पिशवीत घालून गावात आणायचं. म्हातारी माणसं सांगत, "लोखंडाच्या ओरड्यात सोन्याचा आवाज बुडतो रे बाबांनो." पण भर उन्हात ते ओझं पाठीवर वाहायचं कोणी? एकाने सोडलं, त्याचं बघून दुसऱ्याने सोडलं. वाईट सवयीला आमंत्रण लागत नाही.

आपल्या या माणसानेही सोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका बाभळीखाली त्याचं यंत्र मोठ्याने ओरडलं. त्याने घाईघाईने खणलं, तर निघाली बैलाच्या खुराला ठोकतात तसली लोखंडी पत्री, अर्धी तुटलेली, एक खिळा तसाच अडकलेला. "हात्तिच्या!" म्हणत त्याने ती परत खड्ड्यात फेकली आणि पायाने माती लोटली. त्यानंतर तिथे यंत्र ओरडलं की तो हसून म्हणे, "आपलीच पत्री!" आणि पुढे जाई.

रिवाज पाळणारी एकच म्हातारी उरली होती. तिच्या यंत्राची दांडी सुतळीने बांधलेली आणि खांद्यावर लोखंडाचं पोतं.

"काय आजी, सोन्याच्या माळावर भंगार वेचता होय?" तो तिला चिडवायचा.

"भंगार तर भंगार. मागून येणाऱ्याचे कान तरी वाचतील," ती म्हणायची.

एके दिवशी दुपारी तो बाभळीच्या सावलीत भाकरी खात बसला होता. म्हातारी तिथवर आली आणि तिचं यंत्र ओरडलं.

"आजी, उगीच खणू नका. तिथे नुसती पत्री आहे, मला ठाऊक आहे."

"आहे ना? मग उचलायलाच हवी."

तिने माती उकरली, पत्री काढली, पोत्यात टाकली. मग रिकाम्या खड्ड्यावरून तबकडी पुन्हा एकदा सावकाश फिरवली. यंत्र अगदी बारीक कुणकुणलं. ती वीतभर आणखी खणत गेली आणि तिच्या बोटांत चिंचोक्याएवढा सोन्याचा खडा आला.

तो भाकरी खाली ठेवून उठला. त्या खड्यातून दोन वाट्या घडून वर उरलं असतं. काखेत कळसा ठेवून हा बाबा दोन वर्षं सगळा माळ पालथा घालत होता!

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "ती पत्री मीच परत टाकली होती."

म्हातारी हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. "लेका, तू वीतभरच लांब होतास," ती म्हणाली. "ती बाजूला काढून एकदा तबकडी फिरवायची होतीस." तिने खडा पदरात बांधला, खड्डा बुजवला आणि पोतं उचलून ती चालू लागली.

संध्याकाळी त्याने बायकोला काहीही न लपवता सगळं सांगितलं. ऐकताना तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मग ती म्हणाली, "वाट्यांबद्दल मी आजवर बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. पण आता माळावर रिकाम्या हाताने जाऊ नका." आणि तिने धान्याचं एक पोतं रिकामं करून यंत्राशेजारी ठेवलं.

लग्न लागलं. सगळे अक्षता टाकत होते आणि पोरीची आई पदर गळ्याशी घट्ट धरून उभी होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो पोतं घेऊन माळावर गेला. आपण कुठे काय परत पुरलंय, हे त्याला एकूण एक आठवत होतं, आणि तीच त्याची शिक्षा होती. दिवस मावळेपर्यंत पोतं लोखंडाने भरलं. सोन्याचा कणही मिळाला नाही, तरी त्याने कुठेही घाई केली नाही. बायकोच्या गळ्यात वाट्या आल्या, पण त्याला आणखी तीन वर्षं लागली आणि तोवर लेकीच्या घरी पाळणाही हलला होता.

तात्पर्य: कंटाळून आपण जे वाटेतच टाकून देतो, तेच पुढे आपल्या नशिबावर झाकण होऊन बसतं.