पहारीची परीक्षा

सोसायटीच्या पार्किंगचं डांबर उखडून नवं करायचं ठरलं. घरटी अठरा हजार, तेही आठ दिवसांत! लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी डबे करून करून मी साठवले होते नेमके तेवढेच.

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता चेअरमन कोनापुरेंनी सगळ्यांना खाली बोलावलं. ठेकेदार मेंगाणेनं पहार उचलली आणि डांबरात दाबली. चांगली दोन बोटं आत गेली.

"बघा! पार कुजलंय. वरवर डागडुजी करून भागायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोनापुरेंनी संमतीचा कागद माझ्यापुढं धरला. "कलावतीबाई, करा सही. तुम्हाला यातलं काय कळणार!"

पण लग्नाआधी पाच वर्षं मी रस्त्याच्या कामावर डांबराची घमेली वाहिलेली.

"करते की. आधी ती पहार द्या."

गेटबाहेरचा रस्ता मेंगाणेनंच महिन्यापूर्वी केलेला. मी तिथं जाऊन पहार दाबली. ती तीन बोटं गेली.

"काय ओ मेंगाणे, हा महिन्याभरातच कुजला?"

"अहो मावशी, उन्हानं डांबर मऊ पडतं!" तो खेकसला.

"मग आमच्या पार्किंगवर काय चांदणं पडलंय?"

लोक हसले. कोनापुरेंनी गुपचूप कागदाची घडी घातली.

शेवटी चार खड्डे तेवढे बुजवले. घरटी सहाशे पडले. तरी कॉलेजच्या फीची पावती हातात आली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.