गळका द्रोण

फार फार वर्षांमागे, जेव्हा राज्यात राजा एक आणि कारभारी शंभर असत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक आजी राहत होती. तिचा मुलगा दरबारात मोठ्या हुद्द्यावर चढला आणि राजधानीतच सासुरवाडीला राहिला. हुद्दा मोठा, त्यामुळे आईकडे यायला सवड लहान. मात्र वर्षातून एकदा, आठ दिवस, तो आपल्या दोन्ही मुलांना आजीकडे धाडी. उरलेलं वर्ष आजी त्या आठ दिवसांची वाट पाहण्यात घालवी.

मुलं आली की आजी पळसाची पानं पसरून बसे. तिघं मिळून द्रोण टाचत. मग आजी खापरात ज्वारीच्या लाह्या फोडी. त्यात गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे टाकी. ज्याने जो द्रोण टाचला, त्याने त्यातच खायचं, असा नियम होता.

नातवाला द्रोण लगेच जमला. सात वर्षांची नात मात्र दर वेळी तीच चूक करी. पानाची तुळतुळीत बाजू आत हवी, ती बाहेर ठेवी. शिरांची बाजू आत घेई. मग घडीवर पान तडकायचं.

"आजी, हिचा पुन्हा पालथा! यात ताक ओत बघू," नातू हसायचा.

नातीचा चेहरा पडे. आजी तो द्रोण आपल्याकडे ओढून घेई आणि म्हणे, "ताक कशाला? गळक्या द्रोणातून लाह्या गळत नाहीत."

आणि खरंच गळत नसत.

मुलांची दुसरी आजी राजधानीत होती. तिच्याकडे शेंगा सोलायला एक नोकर होता, सोललेल्या मोजायला दुसरा, आणि मोजणारा खात नाही ना हे पाहायला तिसरा. तिच्या माहेराबद्दल मात्र कोणाला काही ठाऊक नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

एका वर्षी मुलं आल्याच्या तिसऱ्याच दिवशी तिचा कारभारी दारात उभा राहिला. त्याच्या हातात मिठाईने भरलेला चांदीचा डबा होता आणि एक चिठ्ठी. ती त्याने खाकरून वाचली: "पाने टाचून मुलांची बोटे खरखरीत होत असतील. कंटाळाही आला असेल. उद्या मेणा पाठवत आहे. मुले तयार ठेवावीत."

"आम्हाला कंटाळा नाही आला," नातू म्हणाला.

"चिठ्ठीत आलाय," कारभारी म्हणाला.

या वर्षीचे उरलेले पाच दिवस गेले, आणि पुढच्या वर्षीचे आठही बहुधा गेले, हे आजीला कळलं. तिने मिठाई काढून घेतली. पण आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. घरात होत्या त्या लाह्याच. तिने डबा लाह्यांनी भरला. झाकण लावण्याआधी नातीने हळूच आपला पालथा द्रोण वर ठेवला. कारभाऱ्याने डबा दोन बोटांनी उचलला.

दुसऱ्या दिवशी मेणा आला. त्यातून दुसरी आजी स्वतःच उतरली. तिच्या हातात तो द्रोण होता.

"हे कोणी टाचलं?"

नात आजीच्या पदराआड गेली.

"मीच, विहीणबाई," आजी म्हणाली. "नजर कमी झाली आता."

"खोटं बोलू नका. मुरलेला हात असा चुकत नाही. ही चूक लहान पोरीचीच." ती ओट्यावर टेकली. "मी अशीच चुकायचे. माझी आई पत्रावळी टाचून बाजारात विकायची. माझे पालथे द्रोण तेवढे विकायची नाही. त्यात ती स्वतः जेवायची."

कारभाऱ्याने ऐकू न आल्यासारखा चेहरा केला. ते त्याच्या कामातच होतं.

"माझ्या लग्नानंतर आईने टोपलीभर लाह्या धाडल्या होत्या," ती म्हणाली. "चारचौघांत मला लाज वाटली. मी टोपली रिकामी परत पाठवली. पुन्हा टोपली आली नाही. काल तुमचा डबा उघडला, आणि..."

आजीने पाट पुढे सरकवला आणि पानांचा गठ्ठा सोडला.

"बसा विहीणबाई. खापर तापलंच आहे."

मेणा अंगणात तसाच राहिला. चौघं टाचायला बसली. दुसऱ्या आजीने बांगड्या मागे सारल्या, पान घेतलं, काडी खोवली आणि द्रोण पुरा करून समोर धरला. शिरा आत होत्या. घडीवर पान तडकलं होतं.

नातवाने तोंड उघडलं. पण नातीने आधीच दुसऱ्या आजीचा द्रोण लाह्यांनी भरला होता.

"असू दे गं आजी," ती म्हणाली. "गळक्या द्रोणातून लाह्या गळत नाहीत."

त्यावर दोन्ही आज्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी मुलं पुरे आठ दिवस राहिली. पुढच्या वर्षापासून पंधरा दिवस राहू लागली, आणि मेण्यातून एक जण जास्त येऊ लागलं. चांदीचा डबा अधूनमधून ये-जा करत राहिला. तो दोन्हीकडून भरलेलाच जाई. कारभाऱ्यालाही पुढे द्रोण टाचता येऊ लागला, पण हे त्याने दरबारात कोणाला कळू दिलं नाही.

तात्पर्य: मायेने आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये; दुसरं काही नसेल, तर हातचा गळका द्रोण ठेवावा.