सुगरणीची नवी वीण

त्या राज्यात थंडीत ढोली कोणाला मिळायची हे दरबारातल्या चटईवरून ठरे. चटईवर ज्याची खूण नाही, तो राजाच्या लेखी जन्मलाच नव्हता.

खुणा सगळ्या तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला पाठ होत्या. प्रत्येक घराची खूण म्हणजे सहा गुंजांची ओळ. मोठ्यांची लाल गुंजेने सुरू होई, लहानांची पांढरीने. कासव सांगे, खार ती ओळ पानावर लावून दरबारी नेई आणि सुगरण ती चटईच्या चौकटीत विणून टाकी. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार नव्हती.

यंदा सुगरण परमुलखातून नवी वीण शिकून आली. "आता हात आपोआप चालतो," असे ती येईल त्याला ऐकवी. चटई देखणी झाली यात वाद नाही. फक्त थंडी पडली तेव्हा उंदीर, पाकोळ्या आणि मुंग्या ढोलीच्या दारावरून परत आल्या. मुंग्यांच्या खुणेत सहा गुंजांच्या मध्ये एक काडीही असे. परमुलखात तिथी अशीच काडी घालून मांडत; नव्या विणीला ती तिथीच वाटली, म्हणून त्यांच्या चौकटीत चंद्रकोर उमटली होती.

खापर अर्थातच कासवावर फुटले. म्हातारा विसरायला लागलाय, असे सगळ्यांचे एकमत झाले. उद्या दुपारपर्यंत चूक सापडली नाही, तर त्याला तळ्यातून काढून खडकावर ठेवायचे ठरले. खार तळ्याकडे धावली. तिला मोजायला त्यानेच शिकवले होते.

"आजोबा, खरंच विसरलात का हो?"

"मला कशाला विचारतेस, पोरी? इथून निघताना मोज, तिथे पोचल्यावर मोज."

खारीने मोजले. तळ्याकाठी सहा, वाटेत सहा, दरबारातही सहा. मग ती सुगरणीशेजारीच ठाण मांडून बसली. सुगरणीने पान घेतले आणि न बघताच ओळीच्या सुरुवातीच्या पांढऱ्या गुंजा चोचीने उडवल्या. खाली त्यांचा ढीग साचला होता.

"सुगरणबाई, या का टाकल्या?"

"रिकाम्याच तर असतात गं. नवी वीण झाडून टाकते. किती स्वच्छ दिसतं बघ."

दरबारच्या लाडकीशी कोण हुज्जत घालणार? खारीने दारावरून परत आलेल्यांची पाने पुन्हा आणली आणि प्रत्येक ओळीपुढे बाभळीचा एक बारीक काटा खोचला. चोचीला काटा टोचताच सुगरण ती ओळ जशीच्या तशी विणू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ढोलीत शिरले. राजाने नव्या विणीचे तोंडभरून कौतुक केले आणि सुगरणीला सर्वांत उंच ढोली बहाल केली. दारावरच्या घोरपडीने चटई पाहिली. सुगरणीची खूणही पांढरीनेच सुरू होई, आणि ती तिने सगळ्यांत आधी, काट्यांच्या आधी विणली होती.

"बाई, तुम्ही यात नाही," घोरपड म्हणाली.

सुगरणीने पांढऱ्या गुंजांचा ढीग उपसला. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. शेवटी ती तळ्याकाठी जाऊन खाली मान घालून उभी राहिली. कासवाने सावकाश डोके बाहेर काढले, तिला नीट न्याहाळले आणि सहाच्या सहा गुंजा ओळीने सांगितल्या. खारीने त्या पानावर लावल्या आणि पुढे एक काटा खोचून पान तिच्या चोचीत दिले.