पहिला सलाम कुणाचा?

कोणे एके काळी खाडीकाठी दोन मोहल्ल्यांचं एक गाव होतं. ईदची नमाज झाली की सगळं गाव कबरस्तानात जाई. कबरींवर पाणी शिंपडायचं, फुलं घालायची, फातिहा पढायची. आनंदाच्या दिवशी गेलेल्यांची आठवण आधी! किती देखणी रीत!

पण तिलाही वडीलधाऱ्यांनी गालबोट लावलंच. फाटकातून आधी शिरून पहिला सलाम वरच्या मोहल्ल्याच्या म्हाताऱ्याने करायचा की खालच्याने, यावर दर ईदला भांडण. बाकीचं गाव फुलं घेऊन उन्हात उभं.

एका ईदला पैलतीरावरून, तिथे दिलेली गावातल्या होडीवाल्याची लेक खैरून आली. तिचे अब्बा भर पावसाळ्यात गेले, तेव्हा खाडीला उधाण होतं. तिला त्यांचं तोंडही पाहता आलं नव्हतं. आता ओहोटी लागायच्या आत तिला होडी गाठायची होती. सासरचे पुन्हा वर्षभर पाठवणार नव्हते.

इकडे भांडण रंगलं होतं.

"हे फाटक माझ्या आजोबांनी बांधलं!"

"आणि जमीन काय तुझ्या आजोबांनी आभाळातून आणली?"

खैरून पुढे सरकली.

"थांब गं पोरी, मोठी माणसं बोलतायत," कुणीतरी दटावलं.

"म्हणून तर फुलं सुकली, चाचा!" ती म्हणाली. "दोघांचे आजोबा आत शेजारीशेजारी झोपलेत. त्यांच्यात पहिला कोण, ते विचारून येते."

लोक हसले. ती आत गेलीसुद्धा.

पण आत जाऊन ती थबकली. पावसाने नव्या कबरींचे उंचवटे बसले होते, त्यांचे खुणेचे दगड वाहून गेले होते. अब्बांची कबर कुठली?

तिने डोळे पुसले. सगळ्याच कबरवासीयांना सलाम केला आणि प्रत्येक कबरीवर ओंजळभर पाणी, चार पाकळ्या घालत निघाली. "यातच कुठेतरी माझे अब्बा आहेत," ती म्हणाली. शेवटी हात उचलून तिने सगळ्यांसाठी दुआ मागितली.

तिचं पाहून गाव आत शिरलं. मागोमाग दोघे म्हातारे धावले. पाहतात तर दोघांच्याही आजोबांच्या कबरी ओल्या, फुलांनी सजलेल्या. पहिला सलाम एका होडीवाल्याची लेक करून गेली होती. भांडायला काही उरलंच नव्हतं.

दोघे एकमेकांकडे न बघता खाली बसले. मग वरच्या मोहल्ल्याच्या म्हाताऱ्याने खालच्याच्या आजोबांसाठीही हात उचलले.

खाडीत खैरूनची होडी सुटली होती. त्या वर्षापासून त्या गावात जो आधी पोहोचेल तोच फाटक उघडतो, आणि पहिली फुलं ज्या कबरीला कुणी वाली नाही तिच्यावर पडतात.

तात्पर्य: गेलेल्यांच्या दारी मान मागणारा बाहेरच राहतो, माया घेऊन येणारा आत पोहोचतो.