वस्तादांनी बाजूला ठेवलेला डिफरन्शियल

एकदा एक गुळाचा व्यापारी आपल्या दिवंगत वडिलांची मोटार ट्रकच्या मागे बांधून घाटाखालच्या एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजात घेऊन आला. मोटार जुन्या काळची, लांब बोनेटची, दांडग्या इंजिनाची. अशा मोटारी आता वरातीत किंवा प्रदर्शनात तेवढ्या दिसतात. पूर्वी त्या रस्त्याने निघाल्या की माणसे हातातले काम टाकून बघत राहत. तो रुबाब गेला याचे मला अजूनही वाईट वाटते.

व्यापारी म्हणाला, "वस्ताद, वडील गेल्यापासनं गाडी वखारीत उभी हुती. परवा हौसेनं बाहेर काढली, तर मागं कडाकडा वाजलं आणि जागेवर बसली. आईची नजर गेलीया. एकदा ह्या गाडीतनं घाट चढून माहेरच्या देवीला जायाचं म्हणती. तिला गाडी दिसायची न्हाई, पण वळखू आली पायजे. आता तिचं काय खरं न्हाई, तेवढी इच्छा पुरी करा."

वस्तादांचा शिष्य निवृत्ती हा चाळिशीचा, कामात चोख आणि त्याची थोडी ऐट असलेला गृहस्थ. त्याने गाडीखाली शिरून दोष लगेच शोधला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध दात्यांचा एक गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात; इंजिनाची ताकद तिथूनच चाकांकडे वळते. त्यातले तेल केव्हाच गळून गेले होते. हौशी मालकाने ते न पाहताच गाडी काढली आणि कित्येक दात्यांची टोके उडाली.

तसलाच दुसरा आणायचा, तर आधी हा कोणता ते ओळखणे आले. निवृत्तीने मागची बाजू जॅकवर उचलली आणि इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्यावर खडूची खूण केली. एक चाक त्याने धरले, दुसरे वस्तादांनी धरले आणि दोन्ही मिळून एक फेरा दिला. दांडा तेवढ्यात साडेचार वेळा फिरला. मूळ गाडीचा तर जेमतेम तीन वेळा फिरावा.

"वस्ताद, हा गाडीचा नव्हेच," निवृत्ती म्हणाला. "कुणीतरी टेम्पोचा बसवलाय."

अशा गाडीत टेम्पोचा माल पाहून त्याला चीड आली. त्याने भंगारबाजार पालथे घातले, ओळखीपाळखी काढल्या आणि अखेर अस्सल डिफरन्शियल मिळवला. त्याच्या लोखंडावर उठवलेला क्रमांकसुद्धा कारखान्याच्या मूळ क्रमांकाशी जुळत होता. गॅरेजात तो ठेवताना त्याची छाती फुगली होती, आणि खरे सांगायचे तर फुगावी असेच ते काम होते.

वस्तादांनी तो पुसला, हात फिरवून पाहिला, "लई बेस" म्हणाले आणि गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवून दिला. मग मोडका गोळा निवृत्तीपुढे सरकवून म्हणाले, "ह्याच्या दात्याला दाता जुळवून असाच आण. टेम्पोचाच."

निवृत्तीचा चेहरा उतरला. योगायोगाने व्यापारी तिथेच होता; तोही चिडला. "वस्ताद, अस्सल हातात असताना टेम्पोचा कशाला?"

वस्तादांनी त्याला बाकावर बसवले. "घाटात तुमचं वडील गाडी कशी चालवायचं?"

"सावकाश. एवढी दांडगी गाडी, आणि एस.टी. आमच्या पुढं जायाची. मला तर लाज वाटायची. पण काय करता, आईला घाटात गाडी लागायची."

वस्तादांनी इंजिनाकडून येणाऱ्या त्या लांब दांड्यावर बोट ठेवले. मग म्हणाले, "ह्यो दांडा बघा. टेम्पोचा गोळा बसावा म्हणून कापून परत जोडलाय आणि सांधा बोटाला लागत न्हाई. मोडलेलं कसंबसं भागवायचं असतं तर एवढ्या निगुतीनं कुणी काम केलं नसतं. अस्सल डिफरन्शियल सपाटीला पळणारा. ह्यो पळत न्हाई, पण हिसका न देता एका लयीत चढ चढतो. तुमच्या वडिलांनी गाडीचा वेग काढून टाकला, बायकोला तरास हुऊ नये म्हणून. ती माउली जन्मभर ह्याचाच आवाज ऐकत बसली. निवृत्ती, कारखान्याची गाडी तू बरोबर वळखलीस. आपल्याला ह्यांच्या घरची गाडी दुरुस्त करायचीया."

व्यापारी मान खाली घालून ऐकत होता. वडिलांनी हे त्याला कधी सांगितले नव्हते. निवृत्तीने पिशवी उचलली आणि तो पुन्हा बाजाराकडे निघाला.

गाडी तयार झाली त्या सकाळी व्यापारी स्वतः चालवायला बसला. शेजारी आई, मागे वस्ताद आणि निवृत्ती. घाट लागेपर्यंत म्हातारी देवीच्या ओटीविषयी बोलत होती, नारळ घेतला का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. चढ सुरू झाला, मागून तो जड, घुमणारा सूर निघाला आणि ती गप्प झाली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढच्या वळणाच्या आत खिडकीवरचा दांडा हाताने बरोबर शोधून धरला.

मग चालवणाऱ्याकडे तोंड वळवून हलकेच म्हणाली, "अहो, जरा सावकाश घ्या. पोरगं मागं झोपलंय."

व्यापाऱ्याने एवढेच म्हटले, "बरं." आणि गाडी सावकाश घेतली.