सलोमीमावशीचं ऊन पाणी

भाविकहो, मुळा नदीच्या काठी आंबेथडी नावाचं गाव होतं. गावाच्या उगवतीला, ओढ्यापलीकडे ख्रिस्ती मंडळींची आळी, आणि आळीच्या मधोमध प्रभूचं दगडी देऊळ. एका वर्षी पावसाळा सरल्यावर शांतवन महाराज तिथं आले आणि देवळाच्या ओट्यावर राहिले. महाराज मूळचे कुठले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. अंगावर जाडंभरडं धोतर, गळ्यात लाकडी क्रूस, खांद्याला वीणा. एरवी ते येशूचं कीर्तन करत गावोगाव हिंडायचे, पण आगमनकाळ सुरू झाला की जिथं असतील तिथंच बसायचे. लोकांनी कारण विचारलं तर म्हणायचे, पाहुणा येणार म्हटल्यावर यजमानानं घर सोडून जाऊ नये.

आगमनकाळ म्हणजे नाताळाच्या आधीचे दिवस, प्रभूची वाट पाहण्याचे. बाहेरच्यांना आमचा सण म्हणजे करंज्या, चांदणीचा कंदील आणि नवं लुगडं एवढंच दिसतं. आमच्यातल्याही पुष्कळांना तेवढंच दिसतं, उगाच खोटं कशाला बोलू! पण वाट पाहणं म्हणजे काय, हे जिला समजलं होतं अशी एक म्हातारी त्या आळीत राहत होती. तिचं नाव सलोमी. सगळे तिला मावशी म्हणत.

मावशी सुईण होती. आंबेथडीतली निम्मीअधिक माणसं, कुठल्याही आळीची असोत, पहिल्यांदा तिच्याच हातात रडलेली. तिचं स्वतःचं मात्र एकही मूल जगलं नाही. नवराही लवकर गेला. आणि म्हातारपणी वातानं तिची बोटं अशी आखडली, की मूठ उघडेना आणि भाकरी थापता येईना. मग बाळंतपणाला लोक पलीकडच्या गावची सुईण आणू लागले. कुणी वाईट बोललं नाही, नुसतं बोलावणं थांबलं. रस्त्यानं कुणी पोटुशी बाई दिसली की मावशी तिच्याकडे बघत राहायची आणि मग आपले हात पदराखाली घ्यायची.

तिचा एक नेम होता. आगमनकाळ लागला की ती कशीबशी घर सारवायची, जुनी लुगडी धुवून, उन्हात वाळवून त्यांच्या घड्या घालायची, आणि रोज दिवेलागणीला चुलीवर मोठं भगुणं भरून पाणी तापत ठेवायची. दार सताड उघडं. का गं मावशी, असं कुणी विचारलं तर सांगायची, "मरियामाई अडली तेव्हा तिच्याजवळ एक बाईमाणूस नव्हतं. पहिलटकरीण पोर, माहेरापासून लांब, गोठ्यात पडलेली. ऊन पाणी कुणी दिलं असेल तिला? तेव्हा मी नव्हते. पुन्हा आली तर मी घरी असायला पाहिजे." आणि डोळे पुसायची. ऐकणारा हसायचा, पण हळूच हसायचा.

मोठ्यानं हसायचे ते शमुवेलराव. ते मंडळीचे पंच. आवाज भारदस्त, शास्त्र मुखोद्गत, देवळात त्यांची जागा पुढच्या रांगेत. देवळाचं सगळं काही तेच बघत, आणि बघत चोख, हेही सांगायला हवं. पण गर्व फार! त्यांना एकच मुलगी होती, तबीथा. आईविना वाढलेली ती पोर एका तमाशाच्या फडातल्या ढोलकीवाल्याबरोबर निघून गेली, त्या दिवसापासून शमुवेलरावांनी घरात तिचं नाव काढू दिलं नाही. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या चुका जास्तच शोधू लागले, असं आळीतल्या बायका म्हणत.

त्या वर्षी आगमनाच्या एका रविवारी, उपासना सुटल्यावर त्यांनी मावशीला सगळ्यांदेखत उभं केलं. म्हणाले, बाळ जन्मून युगं लोटली आणि ही बाई अजून पाणी तापवतेय! लोक आपल्याला अडाणी म्हणतात ते हिच्यासारख्यांमुळे. प्रभू आला, कार्य पूर्ण झालं, आता कसली वाट? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मावशी खाली मान घालून उभी राहिली. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण शमुवेलरावांनी पुढं पंचांचा हुकूम सुनावला. हा खुळा नेम सोडला नाही, तर नाताळाच्या प्रभुभोजनाला सलोमीनं मेजाजवळ येऊ नये.

भाविकहो, प्रभुभोजन म्हणजे प्रभूची आठवण म्हणून मंडळीनं मिळून घ्यायची भाकर, आणि मेजावरची ती भाकर हाच मावशीचा वर्षाचा आधार होता. ती रडतच महाराजांकडे गेली. महाराज ओट्यावर वीणेच्या तारा लावत बसले होते. मावशीनं सगळं सांगितलं. बोटं ही अशी झालीत, मरियामाई आली तरी आपण काय करणार, हे आपल्यालाही कळतं, असंही म्हणाली. पण चूल विझवायला गेलं की जीव तुटतो. महाराजांनी वीणा खाली ठेवली.

"मावशी, भाकर कशासाठी घेतेस तू?" त्यांनी विचारलं.

"तो जवळ यावा म्हणून."

"आणि पाणी?"

"तेही त्यासाठीच."

"मग तुला त्याची आस जिथं जास्त वाटते, तिथं बस. तो कुठून येईल हे त्यानं तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. तो गोठ्यात जन्मला, आणि शहाणी माणसं त्याला राजवाड्यात विचारत बसली होती."

मावशी घरी आली आणि तिनं चूल पेटवली. प्रभुभोजन हुकलं, या विचारानं ती आठवडाभर नीट जेवली नाही. पण पाणी रोज तापत राहिलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी आळीत गडबड उडाली. घरोघरी तळणाचा वास, देवळावर कंदील, शमुवेलरावांकडे नगरचे पाहुणे उतरलेले. दुपार कलली तेव्हा ओढ्याजवळ एका बैलगाडीनं एका बाईला उतरवलं आणि गाडी तशीच पुढं निघून गेली. ती तबीथा होती. नवरा तापानं गेला होता, फडवाल्यांनी पोटुशी बाई नको म्हणून वाटेत सोडली होती, आणि दिवस भरले होते. ती बापाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत पाहुण्यांचं बोलणं चाललं होतं. शमुवेलरावांनी तिला पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि आवाज चढू न देता म्हणाले, "घरात पाहुणे आहेत. जागा नाही." दार लोटलं. मग अंगात कोट घातला, फेटा बांधला आणि देवळात जायला निघाले. त्या संध्याकाळी जन्माची कथा वाचायचा मान त्यांचा होता. मरियामाईला उतारशाळेत जागा मिळाली नाही, तो भाग त्यांनी खणखणीत आवाजात वाचला, आणि वाचताना त्यांना काहीच वाटलं नाही. माणसाचं मन असं असतं बघा!

सगळी आळी देवळात होती. घरांना कड्या होत्या. तबीथा कुंपणांना धरत, थांबत, कळा सोसत चालली होती. एकच दार उघडं होतं आणि आत चूल दिसत होती. ती त्या चौकटीला धरून उभी राहिली.

मावशी चुलीपुढं बसली होती. देवळातून भजनाचा आवाज तिच्यापर्यंत येत होता आणि आपण तिथं नाही म्हणून तिचं मन भरून आलं होतं. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. डोक्यावरून पदर, एक हात पोटाखाली, पायाला धूळ. मावशी उठली.

"आलीस, माये?"

"मावशी, मी तबीथा," ती म्हणाली आणि खाली बसली.

खरं सांगायचं तर मावशीच्या मनात त्या क्षणी काहीतरी मोडलं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती ही नव्हती. पण तेवढ्यात तबीथा कण्हली, आणि मावशीतली सुईण जागी झाली. तिनं घड्या घातलेली लुगडी अंथरली, पाणी खाली उतरवलं. लेकराचं डोकं दिसू लागलं तेव्हा तिला कळलं, की नाळेचा फास बाळाच्या गळ्याला पडला आहे. बोटं चालली असती तर फास सोडवणं तिला अवघड नव्हतं. पण बोटं उघडेनात. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं ओढून पाहिली, दातांनी ओढून पाहिली. मग ती रडत म्हणाली, "प्रभू, आज तेवढी बोटं दे. उद्या परत ने."

तिकडे देवळात महाराजांचं कीर्तन रंगात आलं होतं. लवकर ये, आमच्याकडे ये, एवढेच शब्द महाराज आळवून आळवून गात होते आणि मंडळी मागून म्हणत होती. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, आपलंच कुणीतरी दूर गेलेलं आहे. एकाएकी वीणा थांबली. महाराजांचा हात तारांवरच आखडला होता. बोटं आत वळली होती आणि सरळ होईनात. सगळे घाबरले. शमुवेलराव मात्र पाहुण्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय महाराज, वय झेपेना वाटतं आता?"

महाराजही हसले. "नाही हो, पंच. माझी बोटं कुणीतरी उसनी नेली आहेत. काम झालं की आणून देईल. तोवर आपण तोंडानं म्हणू."

मग वीणेवाचून भजन चालू राहिलं. आणि त्याच वेळी, भाविकहो, मावशीची मूठ उघडली! लोणी उन्हात सैल पडावं तशी तिची बोटं सैल पडली, आणि कधी काळी चालत होती तशी चालू लागली. तिनं फास सोडवला. बाळ बाहेर आलं, पण निळं आणि गप्प. मावशीनं त्याला ऊन पाण्यानं चोळलं, पालथं धरून पाठीवर थापटलं, नाव नसलेल्या त्या जिवाला राजा, सोन्या म्हणून हाका मारल्या. बाळानं एकदा आचका दिला आणि टाहो फोडला.

देवळात महाराज गाता गाता थांबले. त्यांनी हात पुढं करून बोटं उघडली, मिटली, आणि वीणा उचलली. "चला," ते म्हणाले, "बाळ आलंय. भेटायला जाऊ." लोकांना वाटलं, हा कीर्तनाचाच भाग आहे. पण महाराज खरोखर पायऱ्या उतरून चालू लागले, तेव्हा सगळे कंदील घेऊन मागे निघाले. शमुवेलरावही पाहुण्यांसमोर मागं कसं राहायचं, म्हणून निघाले.

मावशीच्या दारात गर्दी झाली. आत तबीथा गोधडीवर पडली होती आणि कुशीत मुलगा होता. मावशीनं घडलं ते सगळं सांगितलं. भजनाच्या कोणत्या शब्दाला बोटं उघडली तेही. ते ऐकून मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, आणि मग महाराजांच्या हातांकडे. महाराजांनी हात उपरण्याखाली घेतले. मावशीनं आपले हात पुढं केले. बोटं पुन्हा पहिल्यासारखी आखडली होती.

"महाराज, मी तिची वाट बघत होते," मावशी हळू आवाजात म्हणाली. "आली ही पोर. मग माझं वाट बघणं चुकलं का?"

महाराजांचे डोळे भरून आले. "मावशी, तू वाट पाहिलीस म्हणून हे लेकरू जिवंत आहे. तो एकदा आला, ते खरं. पुन्हा येणार, तेही खरं. मधल्या काळात तो असाच येतो, दुसऱ्याच्या नावानं, आणि म्हणून आपल्याला ओळख पटत नाही. तुलाही क्षणभर पटली नाही. पण तू दार लावलं नाहीस."

हे शब्द गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या शमुवेलरावांनी ऐकले. त्यांचा चेहरा उतरला. लोकांना बाजूला करत ते पुढं आले, आणि आळीनं कधी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. त्यांनी फेटा उतरवून हातात घेतला.

"मावशी, उद्या प्रभूच्या मेजाजवळ जायची लायकी माझीच नाही," ते म्हणाले. "तू ये म्हणशील तरच मी येईन."

मावशी म्हणाली, "मला कशाला विचारता? जिला विचारायचं ती इथं पडलीय."

शमुवेलराव दाराबाहेरच थांबले. आत पाऊल टाकायचं धाडस त्यांना होईना. तिथूनच त्यांनी विचारलं, "तबा, मला आत जागा आहे का गं?"

तबीथानं बापाकडे पाहिलं. दुपारचं ते लोटलेलं दार तिच्या डोळ्यांत होतं, आणि तिचं रडू थांबत नव्हतं. बाळाला छातीशी धरून ती थोडी सरकली आणि गोधडीचं एक टोक मोकळं केलं.

शमुवेलराव आत आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या लेकराच्या पायांशी कपाळ टेकलं. बाहेर महाराजांनी भजन सुरू केलं, मंडळीनं ते उचललं, कडव्यामागून कडवं झालं, पण शमुवेलराव काही केल्या डोकं वर उचलेनात. प्रभू तुम्हा-आम्हाला अशी वाट पाहायला शिकवो, आणि वेळ आली तर असं वाकायलाही शिकवो.